एका वेळी एकच देव

भाद्रपदातल्या कुठल्याही संध्याकाळी साखऱ्यात, किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात, गणपतीपुढे आरत्या सुरू झाल्या की एक गोष्ट घडते आणि ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. पहिली आरती गणपतीची. ती चालू असते तोवर विघ्नं दूर करणारा, सगळं काही देणारा तो एकटाच. मग शंकराची आरती लागते आणि तेवढ्या वेळापुरता महादेवाहून मोठा कुणी उरत नाही. त्यानंतर देवी येते, तिच्याशिवाय या जगात तारणारं दुसरं कुणी नसतं. मग विठोबा, मग मारुती. टाळ तेच, निरांजन तेच, माणसं तीच, फक्त सर्वश्रेष्ठ देव दर दोन मिनिटांनी बदलतो. आधीचा देव खोटा होता असं कुणी म्हणत नाही आणि पुढच्याची वाट पाहताना आत्ताच्याला कुणी कमी लेखत नाही.

या रीतीला इंग्रजीत एक स्वतंत्र नाव आहे: कथेनोथीइझम. धर्मशास्त्राच्या ग्रंथांबाहेर हा शब्द सहसा भेटत नाही आणि भेटला तर जीभ हमखास अडखळते. गंमत अशी, की एका जर्मन पंडितानं तो घडवला तो आपल्याच ऋग्वेदाचं वर्णन करण्यासाठी.

आधी उच्चाराचा निकाल लावू. पुष्कळ जण तो ‘काथ-एनो-थिझम’ असा तोडून वाचतात. इंग्रजी कोशांतला उच्चार निराळा आहे. पहिला ‘क’ अगदी निसटता, ओझरता. सगळा जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘थे’वर. पुढचा ‘नो’ पुन्हा हलका, ‘थी’वर दुय्यम आघात आणि शेवटी ‘इझम’. छापताना ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर ‘इझम’ हा एकच तुकडा धरतात, म्हणून कागदावर अवयव पाच होतात. तोंडानं म्हणताना मात्र ‘इ’ आणि ‘झम’ वेगळे पडतात, म्हणजे सहा. मराठी माणूस या भानगडीत पडत नाही. आपण अक्षरं मोजतो: क, थे, नो, थी, इ, झ, म. झाली सात. अभंगाचं माप असंच अक्षरांचं असतं, शेवटचं अक्षर पाय मोडून उच्चारलं तरी ते मोजलं जातंच. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. तेव्हा हा शब्द कुणी अभंगात घालायचा ठरवलाच, तर पहिल्याच चरणात एक अक्षर बाहेर लोंबकळेल.

आघाताची अडचण खरी आहे, कारण मराठीत शब्दाच्या एका अवयवावर इतका भार देण्याची पद्धत नाही. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनानं म्हणतो. ‘थ’च्या बाबतीत मात्र आपली बाजू भक्कम आहे. इंग्रजी शिकवताना सांगतात की तिथे जीभ दातांमध्ये धरून हवा सोडायची, आपला ‘थ’ चालत नाही. पण ज्या ग्रीक अक्षरापासून हे ‘टीएच’ आलं, त्या थीटाचा उच्चार प्लेटोच्या काळच्या अथेन्समध्ये महाप्राण होता, म्हणजे जवळजवळ आपला ‘थ’च. हवा सोडणारा उच्चार ग्रीकमध्ये नंतरच्या शतकांत आला. साखऱ्याच्या शाळेतला पोरगा ‘थीइझम’ म्हणतो तेव्हा लंडनच्या कानाला ते खटकेल, प्लेटोच्या कानाला खटकलं नसतं.

आता शब्दाचं पोट उघडू. आत तीन ग्रीक शब्द आहेत. पहिला ‘कता’, हे एक अव्यय. त्याचे अर्थ अनेक, पण इथला अर्थ वाटपाचा, ‘प्रत्येकी’ म्हणतो तसा. दुसरा ‘हेना’, म्हणजे ‘एकाला’. तिसरा ‘थेऑस’, देव. त्याला वाद किंवा मत दाखवणारा ‘इझम’ जोडला. ‘कथ हेना’ ही ग्रीकमधली रोजच्या वापरातली जोडी आहे, अर्थ ‘एकेक करून’.

मग ‘कता’चा ‘कथ’ कसा झाला? ज्यानं शाळेत व्यंजनसंधी पाठ केली आहे त्याला हे सांगावं लागू नये. उत् अधिक हार म्हणजे उद्धार, तत् अधिक हित म्हणजे तद्धित. त् पुढे ह आला की दोघांचं मिळून महाप्राण अक्षर होतं. ग्रीकमध्येही तेच घडतं. पुढचा शब्द स्वरानं किंवा हकारानं सुरू होत असला की ‘कता’चा शेवटचा आकार गळतो, उरतो ‘कत्’. त्याच्यापुढे ‘हेना’तला ह आला की त् आणि ह मिळून थ. शब्दात ‘हेना’चा ह शोधत बसलात तर सापडणार नाही, तो आधीच्या ‘थ’मध्ये विरघळला आहे. म्हणूनच उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे जुळत नाहीत. जीभ ‘क-थे’ असं तोडते, व्याकरण ‘कथ-एन’ असं.

ही संधी आपल्या ओळखीच्या आणखी दोन शब्दांत बसलेली आहे. वसईच्या माणसाला कॅथलिक शब्द सांगावा लागत नाही. त्यात ‘कता’ अधिक ‘होलोस’, म्हणजे सर्व. कॅथीड्रलमध्ये ‘कता’ अधिक ‘हेद्रा’, म्हणजे बैठक, कारण बिशपचं आसन ज्या देवळात असतं ते कॅथीड्रल. दोन्हींत त् आणि ह यांचा थ झालेला आहे. हे दोन शब्द लॅटिनच्या दारातून इंग्रजीत आले, म्हणून त्यांच्या आरंभी सी. आपला शब्द पंडितानं थेट ग्रीकमधून उचलला, म्हणून त्याच्या आरंभी के.

नात्यागोत्याच्या दृष्टीनं हा ह फार बोलका आहे. संस्कृतात जिथे शब्दाच्या आरंभी स असतो तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा ह सापडतो. सप्त म्हणजे हेप्ता. सर्व म्हणजे होलोस. सद्, म्हणजे बसणे, ज्यातून आपलं सदन आणि संसद आली, तिचा ग्रीक भाऊबंद हेद्रा. आणि एक या अर्थाचा ‘हेन’ आपल्या ‘सम’ आणि ‘सकृत्’मधल्या ‘स’चा नातेवाईक. थेऑसनं मात्र फसू नये. तो आणि आपला देव कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण दोघांची मुळं वेगळी. देव शब्दाचं खरं गोत्र लॅटिन देउस आणि ग्रीकांचा झ्यूस यांच्याशी जुळतं. झ्यूस म्हणजे आपला द्यौस्. हे जुळवून दाखवण्याचा ज्या पंडिताला सर्वांत जास्त छंद होता, त्यानंच कथेनोथीइझम घडवला.

फ्रीडरिख माक्स म्युलर 1823 साली जर्मनीतल्या डेसाऊ गावी जन्मला. इंग्लंडात गेला आणि जन्मभर ऑक्सफर्डला राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशातून त्यानं सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापला, पहिला खंड 1849 मध्ये आणि शेवटचा 1874 मध्ये. त्याच्या मुखपृष्ठावर त्यानं स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवून घेतलं आणि ऑक्सफर्डचं भाषांतर गोतीर्थ केलं, बैलांनी नदी ओलांडण्याची जागा ती गोतीर्थ. हा गृहस्थ भारतात एकदाही आला नाही. पण पुण्या-मुंबईशी त्याचा संबंध जवळचा होता. 1897 साली टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर त्यानं सही केली आणि तुरुंगात त्यांना आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पाठवली.

मार्च 1865 मध्ये लीड्स शहरात त्यानं वेदांवर व्याख्यान दिलं. श्रोत्यांपुढे त्याची अडचण अशी होती, की वेदाचा धर्म कुठल्या खोक्यात बसवायचा? त्या काळच्या युरोपात खोकी दोनच. एक देव मानणारे आणि अनेक देव मानणारे. ग्रीकांच्या देवांत राजा ठरलेला होता, झ्यूस वर आणि बाकीचे खाली. वेदात तसं दिसेना. इंद्राचं सूक्त वाचावं तर इंद्र सर्वांवर. वरुणाचं वाचावं तर वरुणाच्या नियमाबाहेर पानही हलत नाही. अग्नीच्या सूक्तात अग्नीच सगळं काही. त्यानं ‘कथ हेना’ घेतलं, थेऑस जोडला आणि नाव ठेवलं. 1867 साली हे व्याख्यान त्याच्या निबंधांच्या पहिल्या खंडात छापून आलं. पुढे त्यानं त्याहून छोटा शब्द जास्त वापरला, हेनोथीइझम. तो शेलिंग या तत्त्वज्ञाच्या काळापासून जर्मनीत फिरत होता. 1878 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत दिलेल्या व्याख्यानांत तोच शब्द मुख्य होता आणि अभ्यासकांतही तोच जास्त रुळला. लांब भाऊ मागे पडला. तसं पाहता हे चुकीचं झालं. हेनोथीइझममध्ये फक्त ‘एक’ आहे, ‘एकेक करून’ ही मुख्य गोष्ट त्यातून गळाली. संस्कृतातून याला नाव द्यायचं तर ‘एकैकाधिदेववाद’ म्हणता येतं. बोलायला ते कथेनोथीइझमपेक्षा सोपं नाही, पण त्यातला ‘एकैक’ जागेवर आहे.

त्याच 1867 सालच्या 31 मार्चला मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. तिथल्या मंडळींच्या तोंडी ‘थीइझम’ हा शब्द अभिमानानं होता. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे ‘ए थीइस्ट्स कन्फेशन ऑफ फेथ’ हा निबंध लिहिला. एक देव, मूर्तिपूजा नाही, ही त्यांची भूमिका. पण उपासनेला गाणी लागली तेव्हा या मंडळींनी तुकोबा आणि नामदेवांचेच अभंग घेतले. लीड्समध्ये एकजण वेदातल्या अनेक देवांना नाव शोधत होता आणि गिरगावात काहीजण अनेकांतून एक वेगळा काढत होते. दोघांच्याही हातात ग्रीक थेऑस होता.

वेदातला पुरावा खरा आहे का? दुसऱ्या मंडलाचं पहिलं सूक्त पाहावं. ते अग्नीचं आहे. कवी अग्नीला सांगतो की तू इंद्र आहेस, तू विष्णू आहेस, तूच ब्रह्मणस्पती, तूच वरुण, मित्र, अर्यमा. पुढे रुद्र येतो, त्वष्टा येतो, देवी येतात. म्हणजे अग्नीची स्तुती करता करता कवी अख्खी पंगत त्याच्या पानात वाढून मोकळा होतो. आणि पहिल्या मंडलाच्या 164व्या सूक्तात तर हे उघडच म्हटलं आहे की नावं अनेक, असणारं एकच.

टीकाकार मात्र स्वस्थ बसले नाहीत. ऑक्सफर्डमध्येच संस्कृत शिकवणाऱ्या मॅकडॉनेलनं 1897 साली ‘वेदिक मिथॉलॉजी’ या ग्रंथात म्हटलं की हा प्रकार प्रत्यक्षात नाही, नुसता भास आहे. त्याचं म्हणणं असं: वैदिक देवांची व्यक्तिमत्त्वं पुरती घडलेली नव्हती. तेज, बळ, शहाणपण हे गुण सगळ्यांतच होते. त्यामुळे एकाची स्तुती रंगात आली की ती दुसऱ्यालाही लागू पडायची. शिवाय सोमयागात कुणाला कधी बोलवायचं आणि कुणाचा हविर्भाग किती, हे ऋषींना पक्कं ठाऊक होतं. ज्याला देवांची क्रमवारी इतकी पाठ आहे, तो एकालाच सर्वश्रेष्ठ मानतो असं कसं म्हणायचं? आपल्याकडच्या सत्काराच्या भाषणासारखं हे. व्यासपीठावर पाच पाहुणे असले तर पाचही जण तालुक्याचे भाग्यविधाते ठरतात आणि ऐकणाऱ्याला कुणाचं पद काय ते बरोबर माहीत असतं.

मॅकडॉनेलची हरकत वजनदार आहे, पण आरतीसंग्रह हातात घेतला की ती थोडी लटपटते. गणपतीची घरोघर म्हणतात ती आरती, शंकराची आणि मारुतीची, या तिन्ही समर्थ रामदासांच्या नावावर आहेत. रामदासांचा जन्म 1608 सालचा, जालना जिल्ह्यातल्या जांब गावचा, म्हणजे मराठवाड्यातला. दैवत एकच, राम. यात त्यांच्या मनात कधी संदेह नव्हता. तरीही शंकराच्या आरतीत ते शंकराला कुठे कमी पडू देत नाहीत, शेवटच्या कडव्यात रघुकुळाचं नाव हळूच आणतात इतकंच. या देवांचे चेहरे अस्पष्ट आहेत असं कोण म्हणेल? एकाला सोंड, एकाच्या गळ्यात साप, एकाला शेपटी. गुणांचा घोटाळा नाही, तरी एकेकाला पूर्ण मान. याचा अर्थ ही रीत वेदकाळच्या धूसरपणातून आलेली नसावी. जो समोर आहे त्याच्याशी पुरतं बोलायचं, ही उपासनेची जुनी शिस्त दिसते.

हिंगोली जिल्ह्याचं पंचांग या शिस्तीवरच चालतं. परभणीतून वेगळा होऊन 1 मे 1999 रोजी हा जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. गावागावांत सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. श्रावणात बेल, आणि महिना सरताना पोळ्याला बैल सजवून मारुतीच्या पारापुढून मिरवायचे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. मराठवाड्यात त्यांच्या नैवेद्याला आंबील लागते आणि सोळा भाज्या एकत्र शिजवायची चाल आहे. अश्विनात घट. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबासाठी रोडगे आणि वांग्याचं भरीत, चातुर्मासात बंद केलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा पानात येतं. आषाढी-कार्तिकीला त्याच घरातलं कुणीतरी पंढरीच्या वाटेवर असतं. दरवेळी स्वयंपाक वेगळा, फूल वेगळं, व्रताचे नियम वेगळे, आणि त्या दिवशीचा देव पूर्ण. यातल्या कुठल्याही बाईला तुमचा ‘वाद’ कोणता असं विचारून पाहा. शब्दातला सगळ्यात लटका भाग शेवटचाच आहे, इझम. ‘कथ हेना’ इथं चुलीपाशी दिसतं, वाद कुठेच नाही.

सेनगावहून औंढ्याला गेलं की मात्र हे साधं गणित बिघडतं. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पुजलं जातं. द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर हेही तोच मान सांगतात, हा वाद जुना आहे. हेमाडपंती देऊळ, बाहेरच्या भिंतीवर शिल्पांच्या रांगा. पिंडी जमिनीच्या पातळीखाली, अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. आणि नंदी नेहमीसारखा समोर नाही, देवळाच्या मागे आहे. लोक सांगतात ती कथा अशी: नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी हरकत घेतली आणि मागे जायला सांगितलं. ते मागे गेले, तर देऊळच फिरलं आणि दार त्यांच्याकडे आलं.

दुसरी कथा तिच्याहून मोठी. तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. गुरू हवा म्हणून नामदेव औंढ्याला आले. देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. हा विसोबा खेचर. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे ठेवत तिथे खालून पिंडी वर येई.

एकेक करून देव मोठा करायचा, यासाठी देव एका जागी असावा लागतो आणि दुसरी जागा मोकळी असावी लागते. या कथेत मोकळी जागाच उरत नाही. विठोबाच्या वेड्या भक्ताला हा धडा महादेवाच्या गाभाऱ्यात मिळतो, हेही सांगणाऱ्यानं मुद्दामच योजलेलं दिसतं.

नामदेवांचं जन्मस्थान म्हणून कयाधू नदीकाठची नरसी मानली जाते, ती हिंगोली तालुक्यात. काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष घेतात. जन्म 1270चा आणि समाधी 1350ची, हा परंपरेचा हिशोब. पंजाबात घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे, 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांत राम येतो, गोविंद येतो, आणि पंढरपूरचा विठ्ठल ‘बीठल’ होऊन येतो. विठोबाची घरोघर म्हणतात ती आरतीही नामदेवांच्याच नावावर आहे, तेव्हा आरत्यांच्या रांगेत त्यांचा वाटा आहेच.

पण ग्रंथसाहिबातल्या गोंड रागातल्या एका पदात ते ही रांगच मोडतात. भैरव, भुतं, शीतला यांच्यामागे धावणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे तिथे एकेका देवाचं नाव घेऊन सांगितलं आहे. शीतलेचा भक्त गाढवावर बसेल, शिवशिव जपणारा बैलावर बसून डमरू वाजवेल, महामाईची पूजा करणारा पुरुष बाई होऊन जन्मेल. जो ज्याला भजेल तो त्याच्यासारखाच होईल, त्याच्यापलीकडे जाणार नाही. नामदेव स्वतःपुरतं सांगतात की आपण एका रामाचं नाव घेऊ आणि त्याच्या बदल्यात बाकीचे सगळे देव देऊन टाकू.